बिनशिट्टीचा कुकर

औंढा नागनाथ,
विजयादशमीनंतरचा पहिला निवांत दिवस, २००७

विलायतवासी, रुग्णसेवाधुरंधर, आमच्या घराण्यातल्या पहिल्या पासपोर्टधारक भगिनी सपनाताई यांस, थोरला भाऊ बुद्धभूषण याचा सप्रेम जयभीम. तुझी तब्येत, तुझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या गोऱ्या मंडळींची तब्येत आणि तिकडच्या पावसाची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (‘ठीक’ या शब्दात सलाईनच्या बाटल्या, एक फुटलेलं झाकण आणि आईचं एक गाठोडं एवढ्या गोष्टी येतात. त्या ओळीनं सांगतो. फोनवर सांगता आल्या नाहीत, कारण दर रविवारी तू फोन करतेस तेव्हा आई माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असते आणि मी ‘झकास चाललंय’ म्हणतो. ते खोटं होतं. दीड महिना मी तुझ्याशी खोटं बोललो. तू माझी बहीण आहेस, तुला त्याची सवय आहे.)

सर्वप्रथम मला ब्रिटनच्या राणीकडे एक तक्रार नोंदवायची आहे. तू रोज ड्युटीवर जाताना तिच्या वाड्यावरून जात नसशील तरी कुणाच्या तरी ओळखीनं ती पोचव. ज्या देशानं आपल्याला रेल्वे दिली, तार दिली आणि भूमितीचा पेपर दिला, त्या देशाच्या पिनेचे दात चौकोनी का असावेत? तुझ्या नांदेडच्या मैत्रिणीनं तो विजेवर मंद शिजवणारा स्लो कुकर साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, लेकरासारखा सांभाळत औंढ्यापर्यंत आणला. आम्ही तो ओट्यावर ठेवला, त्याची शेपटी भिंतीकडे नेली, आणि भिंतीनं त्याला ओळख दाखवली नाही. आपल्या भिंतीला गोल भोकं, त्याला चौकोनी दात. दोन दिवस ते यंत्र नव्या नवरीसारखं कोपऱ्यात बसून होतं आणि गल्लीतली माणसं येऊन त्याचं तोंड बघून जात होती.

शेवटी दगडोबा वायरमनला बोलावलं. त्यानं ती पिन कापली, देशी बसवली, आणि मला विचारलं, ‘सर, अर्थिंग हाय का?’ मी म्हणालो, तिसरं भोक आहे की. तो म्हणाला, ‘भोक हाय. त्याच्या मागं काय हाय?’ मागं काही नव्हतं. मी कित्येक वर्षं नववीच्या वर्गात फळ्यावर अर्थिंगची आकृती काढतोय, तीन रंगांच्या खडूंनी काढतोय, आणि माझ्या स्वतःच्या घरातलं तिसरं भोक निव्वळ शोभेचं निघालं. मग परसात खड्डा, खड्ड्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि रोज सकाळी एक तांब्या पाणी. नाहीतर म्हणे कुकरच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतील. आई हे सगळं बघून म्हणाली, ‘याला शिजवायच्या आधी पाणी पाजावं लागतंय व्हय? बैल बरा मग.’

आता मूळ मुद्दा. हे यंत्र तू कशासाठी पाठवलंस हे तुला माहीत आहे, पण त्या वेळी पाणी किती खोल होतं ते तुला माहीत नव्हतं. श्रावणात आईनं गॅसचं बटण उघडं ठेवून काडी शोधली, काडी सापडेपर्यंत शेजारणीशी दोन शब्द बोलली, आणि मग काडी ओढली. भडका तिच्या पदरापर्यंत आला आणि नशिबानं तिथेच थांबला. त्या दिवसापासून तुझ्या वहिनीनं, करुणानं, आणि मी मिळून तिला गॅसबंदी केली. करुणा सकाळी नऊच्या एसटीनं तिच्या शाळेत, मी माझ्या शाळेत. दुपारी घरात आई, झाकलेलं गार ताट आणि वाटीत ठेवलेली कवळी. कवळी टोचते म्हणून ती घालत नाही, आणि न घालता गार भाकर चावत नाही, म्हणून दुपारी ती जेवतच नव्हती. आम्हाला सांगायची, जेवले. हातातल्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. आणि ज्या दिवशी करुणानं त्या बांगड्या बघितल्या, त्या दिवशी आईनं जाहीर केलं: ‘विजयादशमीला पुसेगावच्या विहारात जाईन, ती तिथंच राहीन. तिथं माही चूल हाय. काडी ओढायला मला कोणाला इचारावं लागत न्हाई.’ पुसेगावच्या आपल्या जुन्या घराचं छप्पर अर्धं आहे, आणि तिथं रात्रीबेरात्री तिला पाणी द्यायला कुणी नाही, हे तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, पाणी माठात असतंय.

तर विजयादशमीच्या आत आईला दुपारी मऊ आणि गरम जेवण मिळणं, याच्यावर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि ते काम तुझ्या त्या मडक्याकडे होतं. पहिल्या दिवशी आम्ही हुलगे लावले. (तुझ्या यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती मी वाचली नाही. मी उष्णतेचं वहन शिकवतो. मला एका मडक्यानं काय शिकवावं?) सुट्टी होती, सगळे घरी. गल्लीत बातमी फिरली की सपनीनं इंग्लंडहून कुकर धाडलाय, आणि लोक बघायला आले. आपल्याकडे घरात नवी वस्तू आली की ती बघायला येणं हा शेजाऱ्याचा हक्क असतो, आणि बघणं म्हणजे उघडून बघणं. समोरचे किसनराव, काळी-पिवळी जीपवाले, आले. काचेचं झाकण, आत वाफ धरलेली, काही दिसेना. त्यांनी झाकण उचललं, नाक आत घातलं आणि म्हणाले, ‘शिट्टी कधी व्हते?’ मी म्हणालो, याला शिट्टी नसते. ते म्हणाले, ‘मग कुकर काहून म्हणता?’  मग शेजारच्या रूपाबाई आल्या (एसटी ड्रायव्हर हरिचंदची बायको, सेनगावाकडच्या तांड्यावरची, तुझ्या जाण्यानंतर राहायला आल्या). त्यांनीही झाकण उचललं. मग त्यांची जाऊ, मग दूधवाला, मग दूधवाल्याबरोबर उगीच आलेला एक माणूस. प्रत्येकानं झाकण उचललं, वास घेतला, शिट्टी विचारली. आई तर सकाळपासून खुर्ची टाकून शिट्टीची वाट बघत बसली होती, कारण तिच्या हिशेबानं हुलग्याला सहा. संध्याकाळी आम्ही ताटं वाढली. हुलगे ताटात पडले तेव्हा आवाज झाला. आईनं एक हिरड्यांखाली धरला, परत काढला, आणि म्हणाली, ‘सपनीनं दवाखान्यातल्या गोळ्या धाडल्या का?’

दुसरा प्रयोग मटणाचा, आणि तो सर्वस्वी माझा. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्या आठवड्यात सकाळी नऊ ते दुपारी तीन असं होतं. करुणा म्हणाली, मग आज नको. मी म्हणालो, चिनी मातीचं जाड भांडं आहे, एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, याला विशिष्ट उष्मा म्हणतात. आठ वाजता मटण लावलं. नऊला लाईट गेली, तेव्हा ते नुसतं कोमट झालं होतं. त्यानं उष्णता धरून ठेवली, यात शंका नाही. नेमकी जंतूंना आवडते तेवढीच, आणि सहा तास. तीनला लाईट आली, रात्रीपर्यंत मटण छान लुसलुशीत शिजलं, वासही झकास. आई म्हणाली, मला आज भूक न्हाई. करुणा म्हणाली, मला उद्या शाळा आहे. विज्ञानाची बाजू घेणारा घरात एकटा मीच उरलो आणि मी दोन वेळा रस्सा वाढून घेतला. पुढचं तू नर्स आहेस, तुला सांगायला नको. दवाखान्यात माझ्याच शाळेतला एक माजी विद्यार्थी हाताला सलाईन लावत होता. त्यानं विचारलं, ‘सर, काय खाल्लं व्हतं?’ मी म्हणालो, विशिष्ट उष्मा.

मी असा आडवा असताना, करुणा दवाखान्यात आणि आई घरात एकटी, तेव्हा रूपाबाईंनी काही न विचारता दोन्ही वेळ ज्वारीच्या कण्या शिजवून, वर ताक घालून, कडीच्या डब्यात भरून पाठवल्या. अर्ध्या दवाखान्यात, अर्ध्या आईला. आईनं त्या खाल्ल्या. गरम होत्या, मऊ होत्या, तिनं वाटी पुसून खाल्ली. मला हे करुणानं सांगितलं तेव्हा सलाईनपेक्षा ते जास्त टोचलं.

आता त्या डब्याचं सांगतो, कारण हा डबा महिनाभर माझ्या डोळ्यासमोर आहे. त्याच्यावर ‘हरिचंद-रूपाबाई यांच्या शुभविवाहानिमित्त’ असं कोरलेलं आहे, त्यामुळे तो आपलाच आहे असं नाटक करायची सोय नाही. आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तुझ्या माझ्या हाडात आहे. मी म्हणालो, चार केळी टाकून देऊ. करुणानं माझ्याकडे असं बघितलं की मी केळी खाल्ली. तिचं म्हणणं, ज्या डब्यातून रांधलेलं आलं त्यात रांधलेलंच जायला पाहिजे, आणि तेही त्यांच्या कण्यांच्या तोडीचं. आमच्या घरात त्या सुमारास तोडीचं काही शिजत नव्हतं. डबा फळीवर. रूपाबाई येत, बसत, चहा घेत, डब्याचं नाव काढत नसत. फक्त जाताना एकदा फळीकडे बघून जात. मला पोलीस चौकशीला बोलावतात तसं वाटायचं.

घरी आल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या मी ती पुस्तिका उघडली. वाचायला दुसरं काही नव्हतं. आई पायाशी बसली होती, म्हणून तिला मराठीत सांगत गेलो: भांडं अर्ध्याच्या वर भरावं, पण काठापर्यंत भरू नये. कडधान्य भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात चुलीवर खळखळ उकळून मगच यात घालावं. राजमा तर तसा उकळल्याशिवाय अजिबात घालू नये, तो पोटात विष होतो. मटण फोडी करून, गरम रश्शातच टाकावं. गार झालेलं अन्न यात परत तापवू नये, ते चुलीवर उकळावं. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये, तडकेल. मधे वीज बराच वेळ गेली तर वास न घेता फेकून द्यावं. आणि झाकण उचलू नये. एकदा उचललं की अर्धा तास वाया. (पहिल्या दिवशीच्या उचलाउचलीचा मी मनात हिशेब केला. ते हुलगे दिवाळीला शिजले असते.) आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘हे चुलीच्या वैलावर ठेवल्यावाणीच हाय. बाजूला ठेवायचं अन् गप बसायचं.’ मी म्हणालो, हो, तसंच. ती म्हणाली, ‘याच्यात जाळ हाय का?’ मी म्हणालो, नाही. ‘गॅस?’ नाही. ‘काडी?’ नाही. मग ती म्हणाली, ‘मंग मला काहून बंदी?’

सपना, आम्ही दोघं पदवीधर. एक विज्ञानाचा, एक मराठीची. तू एवढ्या लांबून आईसाठी बिनजाळाची चूल पाठवलीस, आणि आम्ही त्या चुलीवर आईसाठी रांधत बसलो होतो. तिच्या हातात ती द्यावी हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिला दुपारचं जेवण हवं होतं हे खरं, पण ती पुसेगावला जेवणासाठी निघाली नव्हती.

त्या संध्याकाळी करुणानं बटणावरच्या मधल्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे इंग्रजी वाचायला नको. वेळापत्रक बघून आम्ही ठरवलं की रात्री लावायचं, कारण रात्रीची लाईट सहसा जात नाही. सकाळी आई हुलगे भिजू घालते, संध्याकाळी करुणाला शेजारी उभं करून गॅसवर खळखळ उकळते (काडी करुणाची, पळी आईची, असा तह झाला), फोडणी घालते, गरमागरम मडक्यात ओतते, आणि बटण स्वतः फिरवते. पहाटे मऊ झालेलं कढण करुणा एकदा उकळी आणून रुंद तोंडाच्या थर्मासात भरते. दुपारी आई थर्मास उघडते आणि वाफ येते. यात माझाही एक वाटा आहे, तो कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो. रात्री झोपेत लाईट गेली होती की नाही हे कसं कळावं? मी माळ्यावरचं विजेवरचं जुनं घड्याळ काढून कुकरच्याच बोर्डाला लावलं. लाईट गेली की ते थांबतं, आली की पुढे चालतं. सकाळी माझ्या मनगटाच्या घड्याळापेक्षा ते जितकं मागे, तितका वेळ कुकर बंद होता. एक-दोनदा ते फार मागे सापडलं, तेव्हा मी वास न घेता सगळं उकिरड्यावर ओतलं. आई म्हणाली, ‘तुह्या सलाईनचा एवढा तरी उपेग झाला.’

झाकणाचं मात्र वाईट झालं. एका संध्याकाळी किसनराव आले आणि आई आत गेलेली बघून त्यांनी झाकण उचललं. ते चांगलंच तापलेलं, हाताला चटका बसला, म्हणून त्यांनी ते घाईनं ओल्या कडप्प्यावर टेकवलं. काच कुरकुरली आणि तिचे तुकडे झाले. किसनराव म्हणाले, ‘काचेचं झाकण काहून करतेत हे लोक?’ आई बाहेर आली.  झाकण फुटलं तेव्हा आत काच उडाली असेल म्हणून तिनं ते सगळं कढण टाकून दिलं, मडकं निगुतीनं धुतलं, नवे हुलगे भिजू घातले. दुसऱ्या दिवशी मडक्याच्या काठाला कणकेची वळी लावली, वर जाड स्टीलचं ताट दाबून बसवलं आणि वाफेला जायला बोटभर फट ठेवली. आता झाकण उचलायचं तर कणीक फोडावी लागते, आणि कणीक फोडली की आईला कळतं. किसनराव म्हणाले, ‘आता बघावं कसं?’ आई म्हणाली, ‘उद्या दुपारी जेवायला ये. तवा बघ.’ ते आले. जेवले. त्या दिवसापासून आमच्या घरी झाकण उचलणं बंद आहे, आणि सपना, हुलगे लोण्यासारखे होतात.

तरी विजयादशमीला ती गेली. बोललेला शब्द फिरवेल ती आपली आई चतुराबाई नव्हे. किसनरावांच्याच जीपमधून, पांढरं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन. मी म्हणालो, राहशील का तिथे? ती म्हणाली, बघते. करुणा दारात रडली. मी रडलो नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच उभा राहिलो. तिथे खुंटीवर तिची पळी होती. ती पळी तिनं पुसेगावहून येताना सोबत आणली होती आणि कायमची जाताना गाठोड्यात सगळ्यात आधी तीच घातली असती. आणि ओट्यावर एका भांड्यात, ताट झाकून, हुलगे भिजत होते. मी करुणाला बोललो नाही. उगीच आशा लावावी आणि म्हातारी रात्रभर विहारात बसून राहावी, असं नको.

दिवस कलता कलता रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. वाटेत सोयाबीनच्या मळणीची धूळ, आईचे केस, भुवया, गाठोडं, सगळं पिवळं. ती उतरली, हातपाय धुतले आणि करुणाला म्हणाली, ‘चल, काडी वढ. हुलगे कधीचे भिजून राहिले. उकळाया नगं का?’ पुसेगावच्या चुलीचं विचारलं तर म्हणाली, ‘हाय तिथंच. कोण नेतंय तिला?’ गाठोडं मी उचलून आत ठेवलं. आता ते सुटलं आहे. त्यातलं लुगडं दोरीवर वाळतंय.

असो. तू पाठवलेल्या यंत्राबद्दल माझ्या तक्रारी वरीलप्रमाणे आहेत. त्याला दात चौकोनी, झाकण काचेचं, शिट्टी नाही, आणि तहान बैलासारखी. याउपर तुझी मर्जी. बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या आहेत. करुणाचा जयभीम. आईचा आशीर्वाद, तो तिनं ‘गरम खात जा’ या शब्दांत सांगितला आहे.

तुझा,
बुद्धभूषण

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की एक झाकण हवं आहे. काचेचंच, त्याच मापाचं. कणकेचं काम रोज रोज आईच्या बोटांना जड जातं, ती तसं कबूल करत नाही. किसनरावांना कळू देऊ नकोस. त्यांची सवय नुकतीच सुटली आहे.

ता. क. २. वरची ओळ आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, काच टपालात फुटते, धाडू नगं म्हणावं, हातात घेऊन ये. मग विचारलं, ‘सपनी तिकडं असल्याच हंडीतलं एकलीच बसून खाती का?’ ते तूच लिही. आई गल्लीत सगळ्यांना सांगून आली आहे की बुद्धपौर्णिमेला झाकण येणार. तुझं नाव तिनं घेतलेलं नाही, पण झाकण आपल्या पायांनी येत नसतं एवढं विज्ञान मला कळतं. रजेचं बघ.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालायच्या आधी एक काम उरकून आलो. आजचं कढण आईनं रूपाबाईंच्या डब्यात काठोकाठ भरलं, वर लसणाची फोडणी दिली, आणि डबा माझ्या हातात दिला. रूपाबाई घरात कुठेतरी आत होत्या. मी डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि परत आलो. जाताना वाटेत वास दरवळत होता. झाकण उघडून मी एकदाही बघितलं नाही.